डोंगराची राखण कुणाच्या नावानं?

सप्टेंबर २०२५मध्ये पाचगणी-महाबळेश्वरच्या दख्खन ट्रॅप खडकांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झालं. त्याआधी २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा ठरली, तेव्हा त्यांत कास पठार, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान ही सातारा-सांगलीच्या पट्ट्यातली तीन ठिकाणं होती. पुढचं पाऊल म्हणून या दोन जिल्ह्यांनी लोकांचा जिओपार्क, म्हणजे खडकांचा वारसा स्थानिकांच्या सहभागानं जपणारा प्रदेश, उभारावा आणि त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मागावी, असं मला वाटतं. पण अर्ज लिहायला बसण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागेल, आणि तो धर्माचा आहे. ज्या डोंगराला लोक पिढ्यान्‌पिढ्या देव मानत आले, त्याला जगाच्या शिक्क्याची काय गरज? त्या शिक्क्यावाचून डोंगराचं काहीच अडत नाही. अडतं ते आपलं, कारण पूजा आणि राखण यांची आपल्याकडे फारकत झाली आहे.

जुन्या महाबळेश्वरातलं शिवलिंग कुणी घडवलेलं नाही. खडबडीत, खळग्याखळग्यांचा तो मूळचा खडक आहे आणि त्याचं स्वयंभूपण त्याला टाकी न लागण्यातच आहे. जवळच पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री एका गोमुखातून येतात अशी श्रद्धा आहे. पुराणकथा सांगते की ब्रह्मदेवाच्या यज्ञाला सावित्री उशिरा पोचली, तिच्या जागी गायत्रीला बसवलेलं पाहून संतापली, तिनं शाप दिला आणि विष्णू कृष्णा झाला, शंकर वेण्णा. सावित्री रागानं पश्चिमेला निघून गेली. भूशास्त्राचं म्हणणं वेगळं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरकडे उतरताना ते कड्यात ओळीनं दिसतात, आणि त्यांतल्या थरगटांना आंबेनळी, पोलादपूर, महाबळेश्वर अशी आपल्याच गावांची नावं जगभरच्या शोधनिबंधांत रूढ आहेत. त्या थरांवर जांभ्याचं टोपण आहे. कड्याच्या धारेवर पडलेलं पाणी पश्चिमेला घसरलं तर थोड्याच अंतरात अरबी समुद्र गाठतं. पूर्वेला वळलं तर सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतं.

या दोन गोष्टींची सांगड घालून 'आपल्या पूर्वजांना सगळं भूशास्त्र ठाऊक होतं' असं म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. त्यानं पुराणाचाही मान राहत नाही आणि शास्त्राचाही. खडक कसा झाला हे शास्त्र सांगतं. त्याच्यापुढे माणसानं कसं वागावं हे कथा सांगते. दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला पुरत नाही. दोन्ही एकत्र येतात ते एकाच ठिकाणी: ही वस्तू आपण वापरून संपवण्यासाठी नाही, या भावनेत. देवराईत ती भावना रोजच्या शिस्तीत उतरली होती. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या देवराया अभ्यासल्या. वाळलेलं लाकूडही उचलायचं नाही, अशी बंदी गावंच्या गावं देवाच्या नावानं पाळत होती. पण हेही कबूल केलं पाहिजे की आज नुसती श्रद्धा पुरत नाही. ज्या कृष्णामाईची ओटी भरतो, तिच्याच पात्रात आपण निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट सोडतो. देवळापुढचा खडक फरशीखाली गाडून त्याला जीर्णोद्धार म्हणतो. पूजा वाढली, बंदी मात्र सैल झाली.

जिओपार्कची कल्पना मला इथं उपयोगाची वाटते. युनेस्कोनं २०१५ साली तिला आपला अधिकृत कार्यक्रम केलं. आज जगात असे दोनशेहून अधिक जिओपार्क आहेत आणि २०२५पर्यंत त्यांत भारतातला एकही नव्हता. त्यात स्थानिक लोकांचा सहभाग अनिवार्य आहे. दर चार वर्षांनी फेरतपासणी होते आणि काम ढिलं पडलं तर मान्यता जाते. खडक, खनिजं, जीवाश्म यांच्या विक्रीत जिओपार्कनं भाग घ्यायचा नाही, हा नियम तर देवराईच्याच कुळातला आहे. शिवाय माणूस आणि जमीन यांचं नातं त्यात मोजलं जातं. सांगलीजवळच्या हरिपुरातलं हळदीचं पेव घ्या. नदीकाठच्या घट्ट मातीत वीस-पंचवीस फूट खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस. माती ढासळत नाही, आत हवा नसल्यानं कीड लागत नाही, आणि तोंड उघडून बराच वेळ हवा खेळू दिल्याशिवाय कुणी आत उतरत नाही. ती माती म्हणजे सह्याद्रीचा झिजलेला खडक, कृष्णेनं वाहून आणलेला. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण २००५च्या महापुरानं बुजलेल्या पेवांना त्यानं परत आणलं नाही. महाबळेश्वरचा कडा आणि हरिपूरचं पेव एका नकाशावर आले, तर कृष्णेच्या वरच्या आणि खालच्या माणसांना एकमेकांशी बोलावंच लागेल.

यावर पहिला आक्षेप गर्दीचा, आणि तो पोकळ नाही. कासवर फुलांच्या हंगामात लोटलेल्या झुंडींनी तीच फुलं तुडवली. मग रोजच्या पर्यटकांवर मर्यादा आली, शुल्क आलं, कुंपणही आलं, आणि गुरांची चराई थांबल्यानं फुलांवरच परिणाम होतो अशी तक्रारही आली. यातून इतकंच कळतं की नियम पठारावर गुरं चारणाऱ्यांना विचारून करायला हवेत. दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. कोयना आणि वारणेच्या खोऱ्यांत धरण आणि अभयारण्य या दोन्हींपायी गावं उठली. तिथल्या माणसाला 'संरक्षण' हा शब्द ऐकताच धडकी भरणार. जिओपार्कच्या नुसत्या दर्जानं कायद्याला धरून चाललेल्या व्यवहारांवर नवी बंधनं येत नाहीत, हे त्याला सांगता येईल. पण कागदावरच्या वाक्यावर त्यानं का विश्वास ठेवावा? भू-वारसा जपण्यासाठी केंद्रानं २०२२मध्ये विधेयकाचा जो मसुदा काढला, त्यातही सगळी सूत्रं सरकारी यंत्रणेकडेच होती. विश्वास हवा असेल, तर आधी त्याच्या जिवाची काळजी दिसली पाहिजे. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपानं कोयनानगर उद्ध्वस्त झालं, आणि जुलै २०२१मध्ये पाटण तालुक्यातली आंबेघर आणि मिरगाव ही गावं दरडीखाली गेली. कराडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेनं भूकंप समजून घेण्यासाठी कोयनेच्या खडकात तीन किलोमीटर खोल भोक घेतलं. ते ज्ञान वाडीवाडीत मराठीतून पोचवणं, कुठला उतार धोक्याचा आहे हे तिथल्याच पोरांना शिकवणं, हे जिओपार्कचं पहिलं काम असावं, माहितीफलक त्यानंतर.

उरतो तो धर्माचा आक्षेप, की देवाला नमुना म्हणून मांडणं ही विटंबना आहे. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजण्याची परंपरा १९७२च्या वन्यजीव कायद्यापुढे आणि न्यायालयाच्या आदेशांपुढे थांबली. कायद्याचा हेतू योग्यच होता. पण निर्णय बाहेरून आला, म्हणून आपली श्रद्धा गुन्हा ठरली अशी सल गावात राहिली. उलट बाजू ऑस्ट्रेलियात दिसते. उलुरू हा तिथल्या अनंगू लोकांचा पवित्र खडक. १९८७मध्ये तो जागतिक वारसा झाला, पण त्यावर चढू नका ही त्यांची विनंती पूर्णपणे पाळली गेली २०१९मध्ये, चढाई कायमची बंद झाल्यावर. तोवर जगानं खडकाला मान दिला आणि तो पुजणाऱ्यांना दिला नाही. म्हणून सातारा-सांगलीत यादी करण्याचा अधिकार ग्रामसभांचा असावा, आणि त्यात नकाराचाही अधिकार यावा. एखाद्या गावानं 'आमच्या देवाची जागा दाखवायची नाही' असं सांगितलं, तर तो थर भूशास्त्राला कितीही मोलाचा असला तरी नकाशात तेवढी जागा कोरी ठेवावी, आणि युनेस्कोच्या तपासनीसांना तिचं कारण त्याच गावच्या माणसानं सांगावं.