विसाव्यावरची पाखरे

माउली, टाळी वाजवण्यात माझे आयुष्य गेले. गेल्या पौषात त्याच टाळीची लाज वाटली.

अलिबागजवळ आक्षीच्या किनाऱ्यावर नातू कॅमेरा घेऊन वाळूत पालथा पडला होता. भरतीची वेळ. पाण्याच्या कडेला कुरव, चिखल्या अशी शे-दोनशे पाखरे चोच पिसांत खुपसून उभी. नातू म्हणाला, "आबा, उडताना फोटो छान येतो." मी पुढे झालो आणि टाळी वाजवली. थवा उठला. फोटो उत्तम आला, खोटे कशाला सांगू?

मग त्यानेच वाचून सांगितले. यांतली कित्येक हिमालयापलीकडून, सैबेरियातूनही येतात. ओहोटीला चिखलातले किडे टिपायचे, भरतीला विश्रांती. अंगावर धरलेली चरबी हीच परतीची शिदोरी. उगाच उडवले की ती जळते.

तुम्ही वारीत चालता. विसाव्याला पाय पसरून टेकलात आणि केवळ तुमचे धडपडत उठणे पाहायला कुणी हाकलले तर? फोटो काढण्यात पाप नाही हो. पण भूतमात्रांत पांडुरंग आहे, हे मी चाळीस वर्षे कीर्तनात सांगत होतो, आणि त्यालाच उठवले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. नातू लांबूनच फोटो काढत होता. मी मागे, हात कमरेवर ठेवून उभा.