आग रामेश्वरी, पंप सोमेश्वरी!

जुना पंप कुठाय?

भंगारात दिला? छान! खटल्यातला एकमेव पुरावा भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवलास आणि आता मला फोन करतोस, "सर, नवा पंप टाकला तरी ऑइलचा दिवा लुकलुकतोय." मग त्या भंगारवाल्यालाच विचार की!

आधी एक सांग. पंप गेलाय, हे तुला कळलं कशावरून? दिव्यावरून? दिवा एवढंच म्हणतो, तेलाचा दाब पडलाय. का पडलाय ते तू शोधायचं. स्विच खराब असेल, जाळी तुंबली असेल, तेल पातळ झालं असेल, बेअरिंग झिजली असतील किंवा पंप गेला असेल. पाच संशयित. चौघांना हटकलंसुद्धा नाहीस आणि पाचव्याला फासावर दिलंस.

दाबाचा स्विच काढायचा, त्याच भोकात गेज बसवायचं, इंजिन गरम होऊ द्यायचं, काटा वाचायचा. अर्ध्या तासाचं काम. "सर, गेज नव्हतं." पंप आणायला बाजारात गेलास ना? मग गेज मागायला कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाताना पाय का अडले? आयटीआय झालेला पोरगा गेज मागतोय म्हणून लोक हसतील? आता अख्खी सोसायटी तुला गाडी ढकलताना बघते, ते चालतं?

त्याआधी काय केलंस? घट्ट तेल ओतलंस. दिवा आठ दिवस गप्प बसला आणि तू मिशीला पीळ दिलास. अरे, रोग्याच्या तोंडावर पांघरूण ओढलं म्हणजे त्याचा खोकला बरा होतो का?

आता त्या पंपाचं बघू. जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. पंप क्रँकच्या टोकाला, टायमिंग बेल्टच्या मागे. क्रँकच त्याला फिरवतो. म्हणजे इंजिन ३,००० आरपीएमला असेल तर पंपाचा आतला रोटर सेकंदाला ५० फेरे मारतो. असली वस्तू तू डब्यातून काढलीस आणि कोरडीच बसवलीस? आत चार थेंब तेल भरायला काय झालं होतं? कॉइलची वायर काढून, दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारायला काय झालं होतं? "घाई होती." घाई! दोन रविवार गाडीखाली लोळलास आणि नेमकी शेवटच्या दोन मिनिटांना घाई?

सिलिकॉन तर असं थापलंस, जणू भाकरीवर लोणी. बाहेर आलेलं बोटानं पुसलंस. आत किती गेलं ते कुणी पुसायचं? ते सुटतं आणि थेट जाळीवर जाऊन बसतं. म्हणजे तुंबलेली नव्हती ती जाळीही आता तूच तुंबवणार.

आणि गाडी कशावर उभी होती? जॅक आणि विटा! वीट दाबाखाली सांगून फुटत नाही रे. तुझ्या आईला काय सांगितलं असतं आम्ही? पोरानं स्टँडचं भाडं वाचवलं म्हणून?

नाचता येत नाही ते अंगणाला वाकडं म्हणतात. त्यांना मी समजू शकतो. तुला तर नाचता येतं! वर्कशॉपमध्ये रोटरमधली फट फिलर गेजनं सगळ्यांत आधी कुणी मोजली होती? दाब पडण्याची हीच पाच कारणं फळ्यावर कुणी लिहिली होती? तूच ना? ज्याला येत नाही त्याला शिकवता येतं. ज्याला येतं आणि जो करत नाही, त्याला कुठल्या ट्रेडमध्ये घालू?

खरं कारण मी सांगतो, तुझ्याच्यानं सांगवणार नाही. पंपासाठी चेंबर उतरवलंस. गाडीखाली उताणा पडला होतास आणि बरोबर नाकासमोर कनेक्टिंग रॉडच्या तीन कॅपा होत्या. हात वर केला की लागतील इतक्या जवळ. एकेका कॅपला दोन नट. एक जरी उघडून पाहिली असतीस, तरी बेअरिंगचा वरचा थर जाऊन तांबं दिसतंय का, ते कळलं असतं. का नाही उघडलीस? पाना नव्हता? होता. वेळ नव्हता? होता. तांबं दिसलं तर काय, हीच भीती होती! मग इंजिन उतरवावं लागणार, क्रँक तपासावा लागणार, महिना मोडणार, पैसे जाणार. पंप त्या मानानं स्वस्त. म्हणून दोष पंपाचा! खिशाला परवडेल असा रोग निवडलास आणि औषधही त्याचंच दिलंस. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

न मोजता बदललेल्या भागाला दुरुस्ती म्हणत नाहीत, लॉटरी म्हणतात. आणि लॉटरीच खेळायची होती, तर दोन वर्षं माझं डोकं कशाला खाल्लंस?

आता ऐक. चावीला हात लावू नकोस. "जरा एक चक्कर मारून बघतो" तर मुळीच नाही. रविवारी सकाळी आठला मी येतो. गेज माझं, स्टँड माझे. काटा तू वाचायचा. चेंबर तू उतरवायचं. जाळी तू धुवायची. कॅप तू उघडायची, आणि उघडताना डोळे मिटायचे नाहीत.

आत जे काही निघेल ते या वेळी भंगारात जाणार नाही. आधी माझ्या हातात द्यायचं, मापासकट.