विसावा : यात्रेचे एक अंग

श्री क्षेत्र तुळजापूर येथे येणाऱ्या भाविकांपैकी अनेकांची यात्रा आज घड्याळाच्या काट्यावर चालते. पहाटे तुळजापूर, दुपारी अक्कलकोट, सायंकाळी पंढरपूर. देवकार्यास किंवा सेवेस निघालेल्या मनुष्याने वाटेत विसावा घेणे म्हणजे आळस, अशी एक समजूतही मनात घर करून असते. ही समजूत योग्य आहे काय, याचा विचार करण्यास श्री तुळजाभवानी मातेच्या परंपरेहून उत्तम आधार दुसरा नाही.

आई जगदंबेची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून हलवून शेजघरातील पलंगावर निद्रिस्त केली जाते. शारदीय नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, सीमोल्लंघनानंतर आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौष मासात शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. सीमोल्लंघनाच्या वेळीही मंदिर प्रदक्षिणेत आईची पालखी पिंपळाच्या पारावर क्षणभर विसावते.

जी आदिशक्ती आहे तिला थकवा कसला, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु हा विधी आईच्या गरजेपेक्षा लेकरांच्या बोधासाठी आहे, असे मानावयास हरकत नाही. महिषासुराशी झालेल्या युद्धाच्या आधी निद्रा आहे आणि युद्धानंतरही निद्रा आहे. कर्तव्य मात्र कोठेही टाळलेले नाही. आळस कर्तव्यापासून दूर नेतो, तर विश्रांती कर्तव्याकडे परत आणते. दोहोंतील भेद एवढाच, पण तो मोठा आहे. मोहनिद्रेतून जागी झालेली आई शाकंभरी रूपाने पूजिली जाते. दीर्घ अवर्षणात शाकभाज्यांनी जगाचे पोषण करणारी ही देवी आमच्या अवर्षणग्रस्त भागास विशेष जवळची वाटते.

या जिल्ह्याच्या इतर क्षेत्रांतही हाच भाव आढळतो. येरमाळ्याच्या श्री येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक शेतातील चुनखडीचे खडे वेचतात आणि देवीची पालखी डोंगरावरील मंदिर सोडून आमराईत मुक्कामास जाते. ऐन उन्हाळ्यात देवीने निवडलेले स्थान म्हणजे झाडांची सावली! धाराशिवच्या उत्तरेस येडशीजवळ श्री रामलिंगाचे मंदिर बालाघाटाच्या दरीत, झाडीच्या कुशीत वसले आहे. सभोवतालचे सुमारे २२ चौरस किलोमीटर वन १९९७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. पावसाळ्यात ओढा वाहू लागला, की तेथे घटकाभर बसलेल्या मनुष्यास जप करावा लागत नाही, तो आपोआप होऊ लागतो.

मात्र येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. आपला विसावा दुसऱ्या कोणाच्या विसाव्यावर तर उभा नाही ना? रात्रभर वाहन चालवून आपणास येथे आणणारा चालक दोन तास झोपला काय? वानरांपुढे टाकलेला खाऊ आणि ओढ्यात सोडलेली प्लास्टिकची पिशवी यांनी त्या वनाची शांती भंगली नाही काय? ज्याची रोजंदारी एका दिवसाने बुडते, त्यास विश्रांतीचा उपदेश करणे सोपे आहे. त्याच्यासाठी सावली व पाणी उभे करणे हाच खरा धर्म होय. दानशूर भाविकांनी याचा जरूर विचार करावा. वाटेवर जगविलेले एक कडुनिंबाचे किंवा वडाचे झाड अनेक पिढ्यांच्या यात्रेकरूंना विसावा देते.

भाविकहो, दर्शन झाल्यावर लगेच परतीची घाई करू नका. घटकाभर झाडाखाली शांत बसा, सोबत्यांनाही बसवा, आणि मन निवांत झाल्यावर आपापल्या कामास नव्या बळाने लागा. आई जगदंबा सर्वांचे कल्याण करो.

आई राजा उदो उदो!