दार लागत नाही

सेवाग्रामच्या वाटेवरच्या एका गावात एका शेतकऱ्याने कापसाच्या पैशातून घर बांधलं. पुढे दोन गोल खांब, गच्चीला नक्षीचा कठडा, दाराला अस्सल सागवान. येणारा-जाणारा थांबून पाहायचा. पहिला पावसाळा आला आणि पुढचं दार लागेना.

मालकाने सुताराला बोलावलं. "चौकट वाकडी काहून बसवली?"

सुतार म्हातारा, शब्दाला शब्द न देणारा. थैलीतून गुण्या काढून त्याने चौकटीच्या कोपऱ्यात धरला. एका बाजूने गुण्या लाकडाला चिकटला, दुसऱ्या बाजूला फट राहिली. "मालक, म्या बसवली तवा काटकोनात होती. लाकूड नाही सरकलं, भिंत सरकली."

मग मिस्त्रीला बोलावणं गेलं. त्याने भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. वरची पट्टी भिंतीला टेकलेली, खालचं वजन मात्र भिंतीपासून दूर लोंबत राहिलं. "थराथराला ओळंबा लावूनच भिंत चढवली. आता खालच्या मातीनं ढकलली."

मातीला कोण बोलावणार?

या पट्ट्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला उत्तम, घराला वाईट. म्हणून पाया काळी संपून मुरूम लागेपर्यंत न्यायचा, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. मालकालाही ठाऊक होतं. "अजून काळीच हाय," असं मिस्त्री खड्ड्यातून ओरडला, तेव्हा "पुरे झालं, बांध" म्हणणारा तोच. वाचलेल्या पैशात ते दोन गोल खांब आले.

मालक उसळला. "बापूंनी किती पैसे घातले होते? माती-बांबूचं घर, अजून उभं हाय. माझ्याच घराले काय झालं?"

दाखला खोटा नव्हता. 1936 साली सेगावात (म्हणजे आजच्या सेवाग्रामात) राहायला जाण्याआधी गांधीजींनी जमनालाल बजाजांना बजावलं होतं, की झोपडीचा खर्च 100 रुपयांच्या वर जाऊ नये.

"तिथं कवेलूचं हलकं छप्पर, तुमच्यावर स्लॅबचा भार," सुतार म्हणाला. "मातीच्या भिंतीले तडा गेला तं लिंपून घेता येते. अन् मालक, बापूनं काटकसर केली ती चारचौघांत दिसे. तुमची काटकसर जमिनीत गेली, खर्च तेवढा वर दिसते."

मालकाने रंधा मारायला लावलाच. दार लागलं. उन्हाळ्यात माती आकसली, भिंत मागे फिरली आणि रंधलेल्या जागी मांजर शिरेल एवढी फट पडली.

दुसऱ्या वर्षी त्याने गोठा बांधायला काढला. खांब नाहीत, नक्षी नाही. मुरूम लागेपर्यंत स्वतः खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. गोठ्याचं दार बारा महिने नीट लागतं.