सलग की तुटक?

माणसाला नीतीचे प्रश्न कुठे गाठतील याचा नेम नाही. धर्मराजाला ते तळ्याकाठी भेटले आणि विचारणारा यक्ष होता. मला ते पोलादपुरात, सात फूट चढलेल्या भिंतीखाली भेटले आणि विचारणारा आमचा गवंडी होता. तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून तो म्हणाला, "सायेब, लिंटल खिडकी-दारापुरतं टाकू, का सगळ्या भिंतींवरनं सलग फिरवू?" यक्षाने नुसते पाणी अडवले होते; याने काम अडवले होते आणि मजुरी चालूच होती.

जन्म फ्लॅटमध्ये काढलेल्या वाचकांसाठी सांगतो. लिंटल म्हणजे दारा-खिडकीच्या डोक्यावरची काँक्रीटची तुळई. वरच्या भिंतीचा भार ती दोन्ही अंगांना पोचवते. तुटक लिंटल खिडकीपुरते असते, दोन्हीकडे सहा-सहा इंच भिंतीत शिरलेले. सलग लिंटल म्हणजे हीच तुळई कमरपट्ट्यासारखी आतल्या-बाहेरच्या सगळ्या भिंतींवरून फिरवलेली. गिलावा झाला की दोन्ही सारखीच अदृश्य.

मी पडलो कॉमर्सचा. लगेच कागद काढला. घर तीस बाय चोवीस. बाहेरच्या भिंती १०८ फूट, आतल्या दोन मिळून ५४, एकूण १६२. तीन फुटी दारे पाच, चार फुटी खिडक्या सहा. भिंतीतला आधार धरून तुटक लिंटल भरले ५० फूट. म्हणजे उरलेले ११२ फूट काँक्रीट अशा जागी जाणार, जिथे ना दार ना खिडकी! बँकेत असल्या रकमेकडे आम्ही फार वाईट नजरेने पाहतो.

हिने त्या ११२ फुटांचे तिथल्या तिथे ग्रॅनाइटच्या ओट्यात रूपांतर केले. "अहो, ओटा रोज डोळ्यांसमोर असतो. तुमचं ते लिंटल कोण बघायला येणार आहे?" शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "आमचं घर चाळीस वर्षं उभं आहे. काही झालं का?" हा मुद्दा बिनतोड आहे. अडचण एवढीच, की ज्यांची घरे पडली ते वाद घालायला येत नाहीत.

आणि गंमत अशी, की रोजच्या दिवशी गुरुजी बरोबरच असतात. भार वरून खाली येतो तोवर तुटक लिंटल आपले काम चोख करते. आपल्या खिडकीपुरते पाहते, पलीकडच्या भिंतीची चौकशी करत नाही. अगदी आमच्यासारखे नोकरदार! पण जमीन आडवी हलली, की प्रत्येक भिंत आपापल्या वाटेने निघते. एक बाहेर झुकते, तिला काटकोनात असलेली जागची हलत नाही, आणि कोपरा उसवतो. सलग पट्टा असला, तर झुकणारीला ताठ उभी असलेली धरून ठेवते. भावाभावांचे प्रेम लग्नकार्यात सगळ्यांनाच दिसते. कुटुंब एकत्र आहे की नाही, ते कळते दवाखान्यात.

आमच्याकडे कुठली जमीन हलायला, असे म्हणावे, तर पोलादपूरहून कोयनानगर सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला दगडमातीच्या जाडजूड भिंती हजारो माणसांवर झोपेतच कोसळल्या. भिंतींना जाडी होती, एकमेकींना धरणारे काही नव्हते. भूकंपाच्या टापूतल्या अशा घरांना पट्टा घाला, असे भारतीय मानक ४३२६ सांगते. तो किमान तीन इंच जाडीचा आणि दोन सळ्यांचा. खिडकीवर थोडा जास्त. खांब-तुळयांचा सांगाडा असेल, तर गोष्ट वेगळी. आमचे घर भिंतींवरच उभे राहायचे होते.

यात तडजोडही चालत नाही. कोपऱ्यावर सळ्या वळवून पुढच्या भिंतीत न्याव्याच लागतात. तीन भिंतींवर पट्टा आणि चौथीला सूट, हे तिजोरीला तीनच बाजू असण्यासारखे.

तरी खरा प्रश्न काँक्रीटचा नव्हेच. विम्याचे पैसे नुकसान झाल्यावर मिळतात. पट्ट्याचे पैसे नुकसान न होऊन मिळतात, आणि मिळाले हे कळतही नाही. मग खर्च करायचा तो कुणासाठी? ठरवणारा मी, पण लांब भिंतीला लागून खाट आईची. तिला लिंटल ठाऊक नाही, ओट्याचे कौतुक नाही. मुलाने घर बांधले, एवढेच तिला पुरेसे आहे. ती त्या भिंतीशेजारी निर्धास्त झोपणार, ती माझ्या भरवशावर. आणि ज्याने विचारलेच नाही, त्याच्याशी हिशेब चोख ठेवणे सर्वांत अवघड. २४ ऑगस्ट २०२० ला महाडात पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे गेली. तिथे भूकंप नव्हता, प्रश्न लिंटलचाही नव्हता. पण घर घेणारा माणूस फरशी पाहतो, रंग पाहतो. भिंतीतली सळई पाहण्याची सोय त्याला कुणी ठेवलेलीच नसते. गिलावा चढण्यापूर्वी जो तिथे उभा असतो, त्याच्यावरच सगळे येऊन पडते.

आमचे लिंटल सलग गेले. ओट्याला साधा कडप्पा बसला. येणारा प्रत्येक पाहुणा स्वयंपाकघरात डोकावून विचारतो, "ग्रॅनाइट का नाही घातलात?" ही माझ्याकडे पाहते. लिंटलबद्दल मात्र आजवर एकानेही विचारलेले नाही. ती विचारण्याची वेळ कुणावर येऊ नये, एवढ्यासाठीच ते घातले आहे.