देवगिरीची चढण

वाचकहो, वेरूळच्या वाटेवरील देवगिरीचा किल्ला आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. अंधारी चाचपडत, धापा टाकीत आम्ही बारादरीपर्यंत चढलो. असा तासलेला कडा शत्रूने चढावा तरी कसा? परंतु सन १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने वेढा घातला, तेव्हा तो कडा कोणास चढावाच लागला नाही. व्यापाऱ्यांनी टाकलेल्या गोण्या धान्याच्या समजून घाईने गडावर नेल्या होत्या. त्यांत मीठ निघाले, असे फेरिस्ता लिहितो. राजा रामचंद्रदेवास तह करावा लागला. मग दोष कोणाचा? वाहणारा गोणीच्या भारावर विसंबला असेल, कोठारी वाहणाऱ्यावर, राजा कोठाऱ्यावर. खोटे कोणीच बोलले नाही. तरी गोणीचे तोंड सोडून मूठभर पाहणे हे कोणाचे काम होते, ते पायऱ्या उतरेपर्यंत मला ठरविता आले नाही.