मोबदला देणारी बाधा

टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायच्या भूमिकाखेळांत मरण स्वस्त असतं. पात्राचे हिट पॉइंट संपले की ते मेलं; खेळाडू कोरा कागद घेऊन नवं पात्र लिहायला बसतो. मरणाहून वाईट काय घडू शकतं, यावर मात्र या खेळांच्या रचनाकारांनी बरंच डोकं खपवलं आहे. पात्र जिवंत आहे, लढतं आहे, पण दिवसेंदिवस कुठल्या तरी अमानवी शक्तीचं होत चाललं आहे. हे नियमांत आणायचं कसं?

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हाचं उत्तर अगदी सरळ होतं. ममीचा तडाखा बसला की अंग सडू लागायचं. नरवृकाने जबर जखमी केलं की तुम्हीही नरवृक. ‘वाइट’ नावाच्या जित्या प्रेताचा वार बसला की कमावलेली एक लेव्हल गेलीच. यात पात्राचं चुकलेलं काही नसे. लेव्हल गेली म्हणून हळहळणाऱ्या खेळाडूला पात्राच्या आत्म्याची फिकीर नव्हती, केलेली मेहनत वाया गेल्याचं दुःख होतं.

1981 मध्ये सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ने बाधा शरीरातून मनात नेली. हा खेळ एच. पी. लव्हक्राफ्टच्या कथांवर उभा आहे. लव्हक्राफ्टचे वडील आणि आई, दोघेही प्रॉव्हिडन्सच्या बटलर मनोरुग्णालयात वारले. वेडाची धास्ती त्याच्या घरातच होती. खेळात प्रत्येक पात्राला ‘सॅनिटी’चे गुण असतात आणि भयंकर काही दिसलं की ते घटतात. पण खरी हुशारी पुढे आहे. एका फटक्यात पाच किंवा जास्त गुण गेले की बुद्धीचा फासा टाकायचा. तो यशस्वी झाला, म्हणजे समोर काय आहे ते पात्राला उमगलं, तरच त्याचं भान सुटतं. न उमगलेला वाचतो. शिवाय त्या निषिद्ध विद्येत जितकी प्रगती, तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा खाली येते. नुसत्या अंकगणितातून इतका काळाकुट्ट विचार मांडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तरीही इथे माणूस पाहतो आणि बिघडतो. करत काहीच नाही. आपल्याकडच्या नलोपाख्यानातला कली नलाच्या अंगात शिरायला बारा वर्षं वाट पाहतो, आणि पाय न धुता संध्येला बसण्याची चूक घडते तेव्हाच त्याला वाट मिळते. (त्यानंतर नल सगळं हरतो ते फाशांवरच, हे इथे सांगितल्यावाचून राहवत नाही.) म्हणजे बाधेला आत यायला निदान एक फट लागते. पाश्चात्त्य खेळांत ही फट ठळकपणे दिसली ती 1987 च्या ‘स्टार वॉर्स’ खेळात. दुष्कृत्य केलं की एक ‘डार्क साइड पॉइंट’. तो मिळाला की सहा बाजूंचा फासा टाकायचा. आकडा साठलेल्या पॉइंटांपेक्षा कमी आला तर पात्र अंधाराच्या बाजूला गेलं आणि खेळाडूच्या हातातूनही गेलं. पहिल्या पापाला धोका शून्य, दुसऱ्याला सहात एक. अधःपतनाची घसरण इतक्या स्वच्छपणे मांडायला खरं तर आणखी काही नियम लागत नाहीत.

पण मोह कुठे आहे? तो आणला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधल्याच ‘रेव्हनलॉफ्ट’ या मुलखाने, 1990 मध्ये. त्या धुकेरी प्रदेशात दुष्कृत्य केलं की तिथल्या काळ्या शक्तींचं लक्ष जाण्याची काही टक्के शक्यता असते. लक्ष गेलं, तर त्या शक्ती शिक्षा करत नाहीत. बक्षीस देतात आणि त्यालाच चिकटून एक खोट. पायरीपायरीने ताकद वाढते, माणूसपण उतरतं, आणि शेवटी ते पात्र स्वतःच एखाद्या शापित मुलखाचा धनी, म्हणजेच कैदी, होऊन बसतं. 2016 मध्ये ‘पाथफाइंडर’च्या ‘हॉरर ॲडव्हेंचर्स’ पुस्तकाने हीच कल्पना नीट बांधून दिली: रक्तपिपासूपणा, नरवृकत्व यांसारख्या बाधा, प्रत्येक टप्प्यावर एक देणगी आणि एक डाग. हे सगळे नियम ऐच्छिक; टेबलाला हवे असतील तर घ्यावेत.

ऐच्छिक का, हे मला महत्त्वाचं वाटतं. यांतल्या बहुतेक खेळांत शेवटचं कलम सारखंच आहे: खेळाडूच्या हातातला कागद गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, काढून घेतो. महिनोन्‌महिने वाढवलेलं पात्र असं जाणार असेल, तर त्याला आधी होकार हवा. त्यात मनोविकारांच्या तक्त्यांचा प्रश्न वेगळाच. 1979 च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’पासून वेडाचे प्रकार यादी करून फाशावर वाटले गेले. ज्याच्या घरात खरोखरीचा आजार आहे त्याने ते टेबलावर हसत खेळावेत, ही अपेक्षा क्रूरच होती. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या आवृत्तीतही वेडाचे तक्ते होतेच; 2021 च्या रेव्हनलॉफ्ट पुस्तकात त्यांच्या जागी भीती आणि ताण आले, ‘डार्क गिफ्ट’, म्हणजे काळी देणगी, खेळाडूच निवडू लागला आणि खेळाआधी सर्वांशी बोलून घ्यायचा सल्ला आला. भीतीची धार यात थोडी बोथट झाली, असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं अगदीच खोटं नाही. स्वतः निवडलेला शाप अंगावर काटा आणत नाही.

माझ्या मते या सगळ्यांना मागे टाकणारा खेळ आला तो 1998 मध्ये: जॉन टाइन्स आणि ग्रेग स्टोल्झी यांचा ‘अननोन आर्मीज’. त्यात मनाचे पाच वेगळे मापदंड आहेत, आणि धक्का सोसण्याचा फासा यशस्वी झाला तरी खूण पडतेच, कठोरपणाची. पुढचा तेवढा धक्का मग जाणवत नाही. अशा खुणा फार साठल्या की माणूस स्वतःच्याच आवडीनिवडींपासून तुटतो. हरलात तर मन मोडतं, जिंकत राहिलात तर मरतं. आणि त्या पाचांत अमानवी गोष्टींसाठी मापदंड फक्त एक. उरलेले हिंसा, असहायता, एकटेपणा आणि स्वत्व यांचे आहेत. परलोकातून काहीच आलं नाही तरी हे चारही पुरेसे भरतात.